भक्ष्य, भक्षक आणि मधली एक रेषा

लिनिअर रिग्रेशनचा धडा आला की पाठ्यपुस्तकात उंची आणि वजन, पाऊस आणि पीक, जाहिरात आणि विक्री अशी उदाहरणं असतात. मी गेली बरीच वर्षं ती बाजूला ठेवून फळ्यावर चितळ आणि वाघ मांडते. वन्यजीवांवर काम करणारे विद्यार्थी आपापली आकडेवारी घेऊन माझ्याकडे यायला लागले, त्या आकड्यांमागचं जंगल बघावं म्हणून मी त्यांच्याबरोबर जायला लागले, आणि मग ते काम सुटलंच नाही. आडव्या अक्षावर भक्ष्य, उभ्या अक्षावर भक्षक, मध्ये ठिपके आणि ठिपक्यांतून जाणारी एक रेषा. एवढ्याशा आकृतीने मला जे दाखवलं, ते आठवेल त्या क्रमाने लिहिते आहे.

1. वाघ समजून घ्यायचा तर आधी चितळ मोजावं लागतं. जंगलातून परतणाऱ्या जिप्सीला गेटवर एकच प्रश्न विचारतात, "दिसला का?" कोण, ते विचारावं लागत नाही. चितळांच्या कळपाशी गाडी थांबवा म्हटलं तर बरोबरचे लोक घड्याळ बघतात. पण वाघाचं सगळं गणित त्या कळपात आहे. के. उल्हास कारंथ, जेम्स निकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी दरवर्षी वर्गात नेते. त्यात भारतातली 11 जंगलं आहेत. काझिरंगा, कान्हा, रणथंबोर, नागरहोळे आहेत आणि आपले मेळघाट, ताडोबा, पेंचही आहेत. त्यांचा हिशेब अगदी साधा होता. एका वाघाला वर्षाला साधारण 50 जनावरं लागतात. हरणं, सांबर, गवे, रानडुकरं अशा खुरवाल्या प्राण्यांपैकी साधारण 10 टक्के दरसाल वाघाच्या वाट्याला येतात. म्हणजे एका वाघामागे जंगलात 500 जनावरं हवीत. मग त्यांनी जंगलं मोजली. भक्ष्य कुठे चौरस किलोमीटरला 5.3, तर कुठे 63.8. वाघ कुठे 100 चौरस किलोमीटरला 3.2, तर काझिरंग्यात 16.8. आणि ठिपके त्या हिशेबाच्या बऱ्यापैकी जवळ पडले. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट अशी, की इथे रेषा आधी विचारातून आली आणि ठिपके नंतर आले. आम्ही बहुतेक वेळा ठिपके गोळा करतो, सॉफ्टवेअरला रेषा विचारतो आणि तिला अर्थ मागाहून चिकटवतो.

2. आडव्या अक्षावरचा एक ठिपका म्हणजे कित्येक माणसांच्या कित्येक पहाटा. हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. मेळघाटात उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पानं गळालेली असतात. पाऊल टाकलं की एवढा आवाज होतो की आपणच दचकतो. ट्रान्सेक्टची ठरलेली सरळ वाट, साधारण दोन किलोमीटरची. पुढे एक कोरकू वनमजूर, मागे मी, गळ्यात रेंज फाइंडर, हातात कंपास आणि पॅड. तो थांबला आणि हात मागे करून मला थांबवलं. "मॅडम, ते काय." मला नुसती खोडं दिसत होती. मग त्यातल्या एका खोडाचा कान हलला. सांबराची मादी होती आणि तिच्या पोटाशी पिल्लू. रेंज फाइंडरने 46 मीटर दाखवले, कंपासवर कोन घेतला, पेन्सिलीने लिहिलं. "अजून एक आहे मागं," तो म्हणाला. मी बराच वेळ बघत राहिले. ते तिसरं सांबर मला दिसलं ते पळताना, तेही नुसती शेपटी. पॅडवर आकडा तीन लागला तो त्याच्या डोळ्यांमुळे.

न दिसलेल्या जनावरांचा हिशेब धरण्यासाठीच ते अंतर आणि तो कोन लिहायचा असतो. वाटेजवळचं जनावर बहुतेक दिसतं, दूरचं निसटतं. अंतर वाढेल तसतसं दिसणं कसं कमी होत जातं, याची वक्ररेषा काढली की किती निसटली असतील याचा अंदाज बांधता येतो. या पद्धतीबद्दल मला फार आदर आहे. पण अंदाज तो अंदाजच, आणि रिग्रेशनच्या साध्या सूत्राला हे माहीत नसतं. ते आडव्या अक्षावरची संख्या पूर्ण खरी धरून चालतं, चूक असलीच तर ती उभ्या अक्षावर, असं मानतं. भक्ष्याच्या मोजणीतच गोंधळ असेल तर ठिपके डावी-उजवीकडे विखुरतात आणि रेषा चपटी होते. मोजणीतल्या चुकीचा पसारा जंगला-जंगलांतल्या खऱ्या फरकाइतकाच झाला, तर मिळणारा उतार खऱ्याच्या निम्मा येतो. याचा परिणाम फार गंभीर आहे. चितळं निष्काळजीपणे मोजली की आकृती आपल्याला सांगणार, वाघांना चितळांनी फारसा फरक पडत नाही. आणि असं वाक्य एखाद्या अहवालात गेलं की त्यावर निर्णय होतात. म्हणून हल्ली कोणी रिग्रेशनचा निकाल दाखवायला आणला की मी आधी विचारते, ट्रान्सेक्ट कोण चाललं?

3. डोकी मोजणं आणि वजन मोजणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चितळ साधारण 50 किलोचं, मोठा गवा हजाराच्या घरात. "चौरस किलोमीटरला 20 जनावरं" हा आकडा दोन जंगलांत सारखा असला, तरी एकात सगळी चितळं आणि दुसऱ्यात गवे नि सांबर असतील तर वाघासाठी ती दोन वेगळी जंगलं आहेत. कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी नागरहोळेत पाहिलं, तेव्हा वाघाच्या शिकारीचं सरासरी वजन साधारण 92 किलो भरलं, रानकुत्र्याचं 43 आणि बिबट्याचं 38. एकाच रानात तिघांची ताटं वेगळी. क्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांनी 2002 मध्ये मांसाहारी प्राण्यांच्या बऱ्याच जाती एकत्र घेऊन दाखवलं, की 10,000 किलो भक्ष्यामागे भक्षक साधारण 90 किलो असतो, मग तो लहान असो की मोठा. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. 10,000 किलो जिवंत मांस म्हणजे दोनशे चितळं. त्या सगळ्यांच्या जिवावर अर्धा वाघ.

4. आर-स्क्वेअर, म्हणजे ठिपके रेषेला किती चिकटून आहेत याचं माप, मोठा आला म्हणून आनंद मानू नये. वाघांच्या खुणांवरून वाघांची संख्या सांगता येते का, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. 2011 मध्ये यादवेंद्रदेव झाला आणि सहकाऱ्यांनी खुणा आणि संख्या यांच्यात अतिशय घट्ट नातं दाखवलं. 2015 मध्ये अर्जुन गोपालस्वामी आणि सहकाऱ्यांनी प्रश्न केला, की खुणा दिसण्याची शक्यता जागोजागी बदलत असताना नातं इतकं घट्ट येईलच कसं? पुढे दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं. त्या वादातून मी एक उचललं. रानातल्या आकड्यांना विखुरण्याची सवय असते, आणि ठिपके फारच शिस्तीत उभे दिसले तर तपासणी तिथूनच सुरू करायची.

5. भक्ष्य दुप्पट झालं म्हणून भक्षक दुप्पट होत नाहीत. मी हे गृहीत धरून चालले होते, बहुतेक जण धरतात. इयन हॅटन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये सवानातल्या सिंह-तरसांपासून समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपर्यंत 2,260 परिसंस्थांची आकडेवारी एकत्र केली. दोन्ही अक्षांवर लॉग घेतला की ठिपके छान सरळ रेषेत येतात, पण उतार 1 नसून पाऊणच्या आसपास येतो. म्हणजे भक्ष्य 16 पट झालं तर भक्षक 8 पट. हे वाचल्यावर मी पुन्हा त्या 11 जंगलांच्या आकड्यांकडे गेले. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त भक्ष्य यांत 12 पटींचं अंतर, वाघांत मात्र 5 पटींचं. दोन टोकांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना बजावत असते. तरी मन तिथे रेंगाळलंच. भरल्या रानात भक्ष्याची नवी पैदास डोक्यामागे कमी होत असेल आणि भक्षकाला वाढायला तेवढा कमी वाव उरत असेल, असं एक स्पष्टीकरण देतात. सपाट कागदावर काढलेली सरळ रेषा भरगच्च जंगलाबद्दल खोटी आशा दाखवते, एवढं मात्र नक्की.

6. अनेक जागांतून काढलेली रेषा आणि अनेक वर्षांतून काढलेली रेषा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला एकच मुद्दा सांगायची मुभा असती तर मी हा सांगितला असता. ताडोबा, पेंच, कान्हा हे शेजारी-शेजारी ठेवले की जिथे भक्ष्य जास्त तिथे वाघ जास्त असं चित्र दिसतं. त्यावरून आपण सहज म्हणून जातो, की एखाद्या जंगलात भक्ष्य वाढलं की त्या वर्षी भक्षकही वाढेल. पण आकृती हे सांगत नसते.

कॅनडातल्या लिंक्सची आकडेवारी उघडली की हे डोळ्यांसमोर येतं. लिंक्स म्हणजे बर्फाळ रानातलं, कानांवर केसांचे झुपके असलेलं मांजर. त्याचं मुख्य खाणं म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा तिथला ससा. हडसन्स बे कंपनी कातडी विकत घ्यायची आणि हिशेब ठेवायची. त्या हिशेबांवरून चार्ल्स एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी 1942 मध्ये लिंक्सची दीर्घ मालिका मांडली. मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातले 1821 ते 1934 चे आकडे 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आयतेच ठेवलेले आहेत. सुरुवात 269 ने होते. मग 321, 585, 871, 1475, 2821, 3928 आणि 1828 साली 5943. पुढच्या वर्षी 4950, मग 2577, 523, 98. चार वर्षांत 5943 वरून 98 वर! मी वर्गात हे आकडे मोठ्याने वाचते आणि मुलं आपोआप गप्प होत जातात. साधारण दर दहा वर्षांनी हेच पुन्हा घडतं.

आता आडव्या अक्षावर ससे आणि उभ्या अक्षावर लिंक्स घेऊन वर्षामागून वर्ष ठिपके जोडत जायचं. आधी ससे वाढतात, लिंक्स कमीच असतात. मग दोन्ही वाढतात. मग ससे कोसळतात, लिंक्स अजून भरपूर असतात. शेवटी दोन्ही तळाला. पेन्सिल गोल फिरून पुन्हा पहिल्या जागी येते. या फेऱ्यातून सरळ रेषा काढायला गेलं की सॉफ्टवेअर निमूटपणे काढून देतं आणि ती कशाबद्दलच काही सांगत नाही. दहा वर्षांच्या एकसारख्या लाटा असत्या आणि लिंक्सची लाट बरोबर अडीच वर्षं मागे असती, तर सहसंबंध शून्य आला असता. दोन प्राण्यांचं आयुष्य एकमेकांत इतकं गुंतलेलं, आणि सहसंबंध शून्य! गेल्या वर्षीचे ससे आडव्या अक्षावर आणि यंदा लिंक्स किती वाढले-घटले ते उभ्या अक्षावर घेतलं की मग नातं डोकं वर काढतं. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे रेषेला आपण सांगावं लागतं.

याच कातड्यांच्या आकड्यांवर मायकेल गिल्पिन यांनी 1973 मध्ये एक निबंध लिहिला. काही चक्रांत लिंक्सची लाट सशांच्या आधी येते, असं त्यांना दिसलं. निबंधाला त्यांनी नाव दिलं, 'ससे लिंक्सला खातात का?' आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवला तर तसंच म्हणावं लागतं. मुळात कातडी म्हणजे प्राणी नव्हेत. सापळे लावणारा माणूस कुठल्या वर्षी कुठे गेला, बाजारात काय भाव मिळाला, तो आजारी होता का, हे सगळं त्या आकड्यात मुरलेलं असतं.

7. किती आहेत, याच्याइतकंच कोण आहेत हे महत्त्वाचं असतं. अमेरिकेत लेक सुपिरियरमध्ये आयल रॉयल नावाचं बेट आहे. तिथे लांडगे आणि मूस यांचा अभ्यास 1958 पासून चालू आहे. मूस म्हणजे घोड्याएवढं हरीण. मला ते बेट कधी बघायला मिळेल असं वाटत नाही, पण त्याचे आकडे मला शेजारच्या गल्लीसारखे पाठ आहेत. 1980 मध्ये लांडगे 50 होते. दोनच वर्षांत 14 उरले. कारण भूक नव्हती, कुत्र्यांकडून आलेला पार्व्हो विषाणू होता. 1996 च्या कडक हिवाळ्यात मूस साधारण 2,400 वरून 500 वर आले. 2010 नंतर लांडगे जवळच्या नात्यातच वीण होत होत खचत गेले आणि 2016 मध्ये दोनच राहिले. शेवटी 2018-19 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडावे लागले. तोवर मूस 2,000 च्या पुढे गेले होते. मूस आणि लांडगे यांची रेषा 2010 नंतरच्या या वर्षांतून काढली तर ती खाली झुकते, जणू मूस वाढले म्हणून लांडगे कमी झाले. विषाणू, बर्फ आणि रक्ताचं नातं या तिन्हींसाठी त्या आकृतीत जागाच नव्हती.

पण त्याच बेटाने मला एक फार सुंदर गोष्ट दिली. रॉल्फ पीटरसन, जॉन व्हुसेटिच आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं बेटावरून मेलेल्या मूसचे सांगाडे गोळा करत आले आहेत. जबड्यातला दात कापला की त्यातल्या थरांवरून वय कळतं. त्यातून दिसलं, की लांडग्यांच्या हाती प्रामुख्याने पिल्लं आणि म्हातारे मूस लागतात. ऐन भरातला मूस एका लाथेत लांडग्याची बरगडी मोडू शकतो. म्हणून लांडग्यांची संख्या एकूण मूसबरोबर हलत नाही, म्हातारे मूस किती आहेत त्याबरोबर हलते. आडवा अक्ष तोच, मूसचाच. फक्त "सगळे मूस" पुसून "दहा वर्षांवरचे मूस" लिहिलं की नातं स्वच्छ दिसतं. यंदाचे म्हातारे मूस म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी जगलेली पिल्लं. म्हणजे आजच्या लांडग्यांचं पोट एका जुन्या, सौम्य हिवाळ्याने भरलेलं असू शकतं.

8. कोण कोणाला आवरतं, हे रेषेला कळत नाही. वाघ उभ्या अक्षावर ठेवायचा हे आपण ठरवलेलं असतं. अक्ष उलटे केले तर लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे ठिपक्यांपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी, रेषाही वेगळी येते, आणि दोन्ही उतारांचा गुणाकार आर-स्क्वेअर येतो. भक्ष्य भक्षकाला वाढवतं आणि भक्षक भक्ष्याला कमी करतो, दोन्ही एकाच वेळी चालू असतं. नुसतं बघून हा गुंता सुटत नाही, तिथे हात घालावा लागतो. चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी तो घातला. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लुएनीला, त्यांनी रानाचे मोठाले तुकडे आखले. कुठे सशांना जादा खाणं दिलं, कुठे विजेचं कुंपण घालून भक्षक बाहेर ठेवले, कुठे दोन्ही केलं. चक्राच्या शिखरावर आणि उतरणीत भक्षकांशिवाय ससे दुप्पट राहिले, जादा खाण्याने तिप्पट. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र 11 पट. दोन आणि तीनची बेरीज पाच, गुणाकार सहा, आणि रानाचं उत्तर अकरा. ज्या रिग्रेशनमध्ये परिणाम नुसते बेरजेने मांडलेले असतात, तिथे हे अकरा कधीच सापडलं नसतं. युकॉनच्या थंडीत वर्षानुवर्षं ती कुंपणं सांभाळणाऱ्या लोकांची मला मनापासून आठवण येते.

9. रेषेपासून दूर पडलेल्या ठिपक्यापाशी जाऊन बसावं. पूर्वी मी अशा ठिपक्याला नुसता गोल करायचे आणि पुढे जायचे. आता माझा बहुतेक वेळ तिथेच जातो. पन्ना घ्या. कारंथांच्या त्या 11 जंगलांत पन्ना होतं, बऱ्यापैकी वाघ असलेलं. 2009 पर्यंत तिथला शेवटचा वाघही संपला. सरिस्का त्याच्या आधीच, 2004-05 मध्ये, रिकामं झालं होतं. दोन्हीकडे चितळ, सांबर, नीलगाय होतेच. भक्ष्याच्या हिशेबाने दोन्ही ठिपके वर असायला हवे होते, ते थेट आडव्या अक्षावर येऊन पडले. चोरट्या शिकारीने ते काम केलं. 2008 मध्ये सरिस्कात आणि 2009 मध्ये पन्नात बाहेरून वाघ आणून सोडले. पन्नात पुढे पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली आणि ठिपका पुन्हा वर चढला. रेषा आधी जे सांगत होती, की हे रान वाघ पोसू शकतं, ते खरंच होतं. खाली होतं ते आपलं राखणं.

दुसरा ठिपका आपल्या घरचा आहे, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुका. तिथल्या खोऱ्यात ऊस, विहिरी, वस्त्या. रानटी हरणं जवळजवळ नाहीतच. आडव्या अक्षावर शून्याच्या आसपास. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे कॅमेरा ट्रॅप लावले तेव्हा 100 चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. 2013 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठल्याही भक्ष्य-भक्षक रेषेच्या हिशेबात न बसणारा आकडा. पुढे विष्ठा तपासल्यावर उलगडा झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्री होती, आणि एकूण खाण्यातला बहुतांश भाग पाळीव जनावरांचा. मग चुकलं कोण? बिबट्या तर जेवत होता. आडव्या अक्षावर आपण "रानटी खुरवाले" लिहून ठेवलं होतं, त्यात गावच्या उकिरड्यावर वाढलेलं कुत्रं मावत नव्हतं. त्या शेतांतून रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला हे आमच्या किती आधीपासून ठाऊक असणार.

10. शेवटी कोणीतरी विचारतंच, मग या जंगलात वाघ किती राहतील? प्रश्न रास्त आहे. गावं उठवायची का, कुरणं राखायची का, बाहेरून वाघ आणायचे का, हे त्यावर ठरणार असतं. एक विद्यार्थिनी असाच प्रश्न घेऊन आली होती. आम्ही कागदावर एक काल्पनिक जंगल घेतलं. क्षेत्र 1,000 चौरस किलोमीटर, भक्ष्य चौरस किलोमीटरला 10, म्हणजे 10,000 जनावरं. वर्षाला 10 टक्के वाघांना, वाघामागे 50 शिकारी: 20 वाघ. तिने वहीत 20 लिहून त्याला चौकट केली. मी म्हटलं, वाट्याला 10 च्या जागी 8 टक्के धर आणि शिकारी 60. उत्तर आलं 13. मग 12 टक्के आणि 45 धरून बघ. 26-27. आणि ट्रान्सेक्टची मोजणी वर-खाली 20 टक्क्यांनी चुकली असेल तर? खालचं टोक 11 वर गेलं, वरचं 32 वर. ती हिरमुसली. "मॅडम, 11 ते 32 असं लिहिलं तर कोण वाचेल?"

मी तिला म्हटलं, दोन्ही टोकं लिही. शेजारी भक्ष्य कुठल्या साली मोजलं ते लिही, कोणत्या महिन्यात मोजलं ते लिही, आणि ट्रान्सेक्ट चाललेल्या सगळ्यांची नावं लिही, वनमजुरांचीसुद्धा. त्याखाली लिही की हे अंतर आवळायचं असेल तर आधी पुढच्या उन्हाळ्यात चितळं पुन्हा मोजायला हवीत. तिने चौकटीतला 20 खोडला आणि नवं पान घेतलं.